मोहाकडची तूर

“मॅडम, हे मरून राहिलं न?”

कौशल्याबाई मेश्राम यांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या वावरात चिखलात उकिडवी बसले होते. हातात नुकतंच उपटलेलं तुरीचं रोप होतं. एव्हाना ते गुडघ्याला लागायला हवं होतं, पण होतं वीतभर. पानं पिवळी, खालची तर गळायलाच लागलेली. बाजूच्या मक्याच्या ओळी बऱ्यापैकी होत्या. पण मक्याच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ, अशी आम्ही जी पेरणी केली होती, त्यातली प्रत्येक तुरीची ओळ कावीळ झाल्यासारखी दिसत होती.

“मरत नाही,” मी म्हणाले. “उपाशी आहे.”

“शेणखत टाकलं न जी. बोडीतला गाळ डोक्यावर वाहून आनला. अजून काय खाऊ घालू तिले?”

बोडी म्हणजे गावातलं लहान तळं, तिथला गाळही घालून झाला होता. मी भंडाऱ्याला मातीच्या प्रयोगशाळेत काम करते. शेतकरी पिशवीत माती आणतात आणि मी त्यात काय आहे, काय नाही ते सांगते. केस पिकले या कामात. माझ्या पर्समध्ये कायम कुणाच्या तरी वावराची माती असते, यावरून नवरा गेली कित्येक वर्षं बोलतो आहे. पण इथे मी माती तपासून सांगायला नव्हते आले. हा प्लॉट आमचा होता. प्रात्यक्षिक म्हणतात त्याला. म्हणजे शेतकऱ्याच्या वावरात आपण सांगू तसं पीक घ्यायचं आणि गावाने ते पाहायचं. पाहण्यासारखं काही नसलं, तरी गाव पाहतंच.

करडी गावाच्या पुढे, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, संपून जमीन जराशी चढते तिथे हे वावर आहे. काही वर्षांपूर्वी कौशल्याबाईंच्या सासऱ्यांनी, लहानूजींनी, जेसीबी लावून इथली वरची चांगली माती खरवडली आणि खालच्या बांधीत नेऊन टाकली. बांधी सपाट झाली, धान चांगलं होऊ लागलं. वरचं वावर मात्र सोललं गेलं. उरला लाल मुरूम. त्यात पेरलं तर गवतसुद्धा नाराजीनेच उगवायचं. मग त्यांच्या धाकट्या मुलाने, म्हणजे कौशल्याबाईंच्या दिराने, दीपकने, मुरूमवाला ठेकेदार शोधून आणला. रस्त्याच्या कामाला मुरूम हवाच असतो. दीपक त्याच ठेकेदाराचा ट्रॅक्टर चालवत होता.

कौशल्याबाईंनी नाही म्हटलं. नवरा नागपूरला कंपनीत, त्यामुळे घरात एकट्यांनीच म्हटलं. मला त्यांनी पहिल्या भेटीत सांगितलं होतं, “मुरूम गेला का खड्डा होते. खड्ड्यात पानी भरते. खड्डा झाला का झाला मॅडम, मंग तिथं कोनी पेरत नाई.”

लहानूजी कमी बोलणारे. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि सुनेला एक हंगाम दिला. “यंदाची तूर पायतो. वावरात काई राहलं असन त ठेवू. नसन त देऊन टाकू.” ठेकेदारालाही तोच निरोप गेला. म्हणजे माझ्या हातातलं ते वीतभर पिवळं रोप हा पुरावा होता, आणि तो ठेकेदाराच्या बाजूने होता.

तेवढ्यात फोन वाजला. आमचे साहेब.

“मॅडम, सोमवारी व्हिजिट आहे. वरून येताहेत. प्लॉट कसा आहे?”

“पिवळा आहे, सर.”

“पिवळा म्हणजे?”

“म्हणजे पिवळा.”

“मग एक बोरी युरिया मारा ना. चार दिवसांत हिरवंगार होतं. सोमवारपर्यंत फोटोला चालेल.”

“बोर्डवर ‘सेंद्रिय’ लिहिलंय सर.”

“बोर्ड काय कोणाला सांगायला जाणारे?”

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांच्याही वर कोणीतरी आहे, आणि त्यालाही फोटो लागतो. “पाहते” म्हणून मी फोन ठेवला. कौशल्याबाई माझ्याकडे बघत होत्या. फोनवरचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला असणारच, साहेब मोठ्याने बोलतात.

“युरियानं होईन का हिरवं?” त्यांनी विचारलं.

“होईल.”

“मंग?”

मंग काय, ते सांगायचं तर तुरीची गोष्टच सांगावी लागते. मका हे खादाड पीक. जमिनीतलं नत्र, म्हणजे झाडाला हिरवं करणारं अन्न, ते भराभरा खातं. तूर, चवळी, मूग, आपली लाखोरी, ही शेंगांची पिकं वेगळी. यांच्या मुळांवर गाठी येतात. गाठींमध्ये डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात आणि ते हवेतलं नत्र पकडून झाडाला देतात. झाड त्यांना बदल्यात साखर देतं. म्हणून मक्याजवळ तूर लावायची. तूर स्वतःचं पोट स्वतः भरते, पानं गळून आणि मुळं कुजून पुढच्या पिकालाही देऊन जाते. त्याला शेणखताची जोड मिळाली की सोललेली जमीनही हळूहळू सावरते. पण झाडाला वरून आयता युरिया मिळाला, तर ते जिवाणूंना बोलवायचं सोडून देतं. तूर हिरवी दिसली असती आणि जमीन होती तशीच मुरूम राहिली असती. पुढच्या वर्षी पुन्हा पिवळी. लहानूजी इतके भोळे नव्हते.

मी आणखी रोपं उपटली. मुळं पाण्यात खळबळून पाहिली. एखाददुसरी गाठ, तीही बारीक आणि पांढरी. पांढरी गाठ म्हणजे आत कुणी काम करत नाही. पेरणीच्या आधी बियाण्याला आम्ही रायझोबियम चोळायला दिलं होतं. हेच ते जिवाणू, पाकिटातून काळ्या भुकटीत मिळतात. माझ्याच प्रयोगशाळेच्या फ्रिजमधून ती पाकिटं निघाली होती. चांगली होती. त्याच खेपेतली पाकिटं सिहोऱ्याकडच्या एका प्लॉटला गेली होती आणि तिथली तूर छान होती. मग इथले जिवाणू गेले कुठे?

तेव्हा मला मोहाचं झाड दिसलं.

म्हणजे झाड काही नवीन नव्हतं, वावराच्या खालच्या टोकाला कायमच उभं आहे. पण त्याच्या बाजूच्या तुरीच्या ओळी हिरव्या होत्या. बऱ्या-हिरव्या नाही, काळपट हिरव्या. पिवळं वावर एका जागी संपत होतं आणि तिथून मोहापर्यंत तूर कमरेला येऊ पाहत होती. इतका वेळ बसल्या जागेवरून मक्याच्या आडून ती दिसली नव्हती, उठून उभी राहिले तेव्हा दिसली. मी चपला सोडून तशीच चिखलातून गेले.

“तिथली बरी आली,” मागून कौशल्याबाई म्हणाल्या. “दीपकभाऊजी म्हनते, मोहाचा पाला पडते म्हनून.”

पाला तर झाडाखाली पडतो. हिरवा पट्टा मात्र झाडाच्या सावलीपासून पार दूरपर्यंत, वावराच्या रुंदीभर गेला होता. खत सगळीकडे सारखं पडलं होतं. शेळ्या बसतात म्हणावं तर कुंपण होतं. मी एक रोप मुळाभोवतीच्या मातीसकट हलकेच उकरून काढलं आणि बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं.

गाठी होत्या. मोठ्या मुळावर, बारीक मुळांवर, घोसाघोसाने. मी नखाने एक फोडली. आत लाल. ताज्या जखमेसारखा लाल.

“रगत हाय हे!” कौशल्याबाई एकदम मागे सरकल्या.

मी हजारो गाठी फोडल्या असतील. तरी दर वेळी मला तेच वाटतं, जे तेव्हा त्यांच्या तोंडावर दिसलं. त्या जिवाणूंना प्राणवायू जास्त झाला तर काम जमत नाही आणि अजिबात नसला तर जगणं जमत नाही. म्हणून झाड त्यांच्यासाठी एक लाल पदार्थ तयार करतं, जो प्राणवायू धरून ठेवतो आणि लागेल तसा देतो. आपल्या रक्तात जो लाल पदार्थ आहे ना, त्याचा हा सख्खा नातेवाईक. तुरीच्या मुळात आणि कौशल्याबाईंच्या अंगात एकच युक्ती चाललेली आहे. कुणी कुणाला शिकवली, देव जाणे. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते मूळ दोन्ही हातांत धरलं.

आश्चर्य पुरे झाल्यावर मी कामाला लागले. एकाच वावरात, एकाच दिवशी पेरलेल्या तुरीत एवढा फरक का? पेरणीचा दिवस पहिल्यापासून ऐकायचा होता. आम्ही घरी गेलो. बचत गटातल्या बाया जमल्या, कारण पेरणी सगळ्यांनी मिळून केली होती. त्यांत शांताबाई होत्या. वयाने सगळ्यांत मोठ्या. गावातल्या बाळ-बाळंतिणींना न्हाऊमाखू घालण्याचं काम त्यांचं. निम्मं गाव त्यांच्या हातून शेकून निघालेलं आहे. बियाण्याला जिवाणू चोळायचं काम त्या दिवशी विश्वासाने त्यांच्याकडे दिलं होतं.

पद्धत सोपी असते. गूळ पाण्यात उकळायचा, पाणी गार होऊ द्यायचं, मग त्यात भुकटी कालवायची, बियाण्याला चोळायची आणि सावलीत वाळवायचं. मी पेरणीच्या दिवशी स्वतः हजर राहणार होते, पण नाल्यावरच्या रपट्यावरून पाणी जात होतं आणि आमची जीप पलीकडे अडकली. मी पोचले तेव्हा बियाणं खाटेवर सावलीत वाळत होतं, इतकं नीटनेटकं की मी सगळ्यांचं कौतुक केलं, पेरणीला हात लावून दिला आणि मोहाडीच्या मीटिंगला पळाले.

“शांताबाई, गुळाचं पाणी उकळलं. मग?”

“मंग उतरवलं जी. भुकटी टाकली. तुमी सांगतलं तसं.”

“आणि मग चोळलं?”

“नाई. तुमची वाट पायली न. गाडी अडकली म्हनून फोन आलता.”

“तोवर भुकटी कालवलेलं पाणी कुठे होतं?”

“चुलीवर.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “चुलीवर?”

“मंद जाळावर जी, जास्त नाई,” शांताबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. “पानी पडून राहिलं होतं. हवा किती गार! तुमीच म्हनलं होतं, हे इवले इवले जीव हायेत, जपजा म्हनून. मी म्हनलं, गारठतीन बिचारे. गंज चुलीवर ठेवला, वरून फडकं झाकलं. तुमचा फोन आला का रपट्यावरचं पानी उतरलं, तवाच बियाले चोळलं.”

सगळ्या बाया माना हलवत होत्या. बरोबरच तर केलं होतं. जीव आहे, पाऊस आहे, गारठा आहे, मग शेक नको?

मला हसू आलं. आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आयुष्यात मी जिवाणू उन्हात ठेवून मारलेले पाहिले, रासायनिक खतात मिसळून मारलेले पाहिले, औषधाच्या फवाऱ्याने मारलेले पाहिले. मायेने शेकून मारलेले पहिल्यांदाच पाहत होते.

“का झालं जी?” शांताबाई हसत हसतच विचारत होत्या.

मग मला ते सांगावं लागलं, आणि तेव्हा हसू गेलं. “शांताबाई, त्यांना ऊब चालते, पण आपल्या अंगापेक्षा जास्त नाही. चुलीवरचं पाणी त्यांना सोसत नाही. मेले ते.”

“समदे?”

“सगळेच.”

शांताबाई जमिनीवर बसल्या. “माह्या हातानं,” एवढंच म्हणाल्या. ज्या हातांनी इतकी बाळं जगवली ते हात त्यांनी मांडीवर उलटे ठेवले होते, जणू ते आता कुणाला दाखवायचे नाहीत. कौशल्याबाईंना आपलं वावर जातंय याची भीती होती, तरी त्या आधी शांताबाईंच्या जवळ जाऊन बसल्या. मला त्या क्षणी दोघींबद्दल फार माया वाटली, हे सांगायला हरकत नाही.

“पण मग मोहाकडची तूर हिरवी का?” मी विचारलं. “तिथेही तेच बियाणं ना?”

“तिथलं नाई,” कौशल्याबाई म्हणाल्या. “तुमी गेल्यावर बी पुरलं नाई न मॅडम. ओळी दाट झाल्या. मंग आमीच घरून आनली थोडी थोडी. जिच्या घरी होती तिनं.”

“घरची तूर? कशी होती?”

“कशी म्हंजे? मातीतली.”

एक बाई उठून घरात गेली आणि मडकं घेऊन आली. आत तूर होती, पण तूर दिसत नव्हती. प्रत्येक दाण्याला मातीचं बारीक आवरण होतं, कडक वाळलेलं.

“भुंगा लागत नाई,” त्या बाईने सांगितलं. “चिकन माती पान्यात कालवाची, बियाले चोळाची, उन्हं उतरल्यावर वारवाची. आमच्या घरी असंच ठेवतेत.”

“माती कुठली?”

“धुऱ्याची. तिथलीच चांगली चिकटते.”

धुरा म्हणजे बांधीची पाळ. आमच्याकडे धानाच्या बांधीत पाणी असतं, म्हणून तूर लावतात ती धुऱ्यावर. आई लावायची, सासू लावायची, सून लावते. एकाच धुऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तूर. त्या मातीत तुरीचे जिवाणू ठासून भरलेले असणार. बाया ती माती लावत होत्या भुंग्यासाठी. जिवाणू त्यांच्या गावीही नव्हते आणि असायचं कारणही नव्हतं. पण मातीच्या त्या पापुद्र्यात जिवाणू बसून राहिले होते. सगळा उन्हाळा. बाहेर भंडाऱ्याचा मे महिना, मडक्यात काळोख, पाण्याचा थेंब नाही. मग एक दिवस दाणा ओल्या मुरुमात पडला, त्याला मूळ फुटलं, मुळाने आपल्या भाषेत काहीतरी हाक मारली आणि हे उठून गेले.

हे सगळं पुस्तकात आहे. मी परीक्षेत त्यावर उत्तरं लिहिली आहेत. पण मडक्यात हात घालून ते दाणे तळव्यावर घेतले तेव्हा अंगावर काटा आला. माझ्या प्रयोगशाळेत यांच्यासाठी फ्रिज आहे, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे. आणि हे मडक्यात जगले.

अंदाज खरा की खोटा ते तपासायला हवं होतं. हिरव्या पट्ट्यातली मुळं मी ओल्या फडक्यात गुंडाळली. निघताना लहानूजी जीपजवळ उभे होते. धुतलेलं धोतर, हातात काठी.

“मी येतो,” ते म्हणाले. “मले पाहाचं हाय.”

प्रयोगशाळेत गाठ चिरून, काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन मी मायक्रोस्कोप लावून दिला. लहानूजींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी आधी तो डोळा लावला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. आणि त्यांचा हात काठीवर घट्ट झाला.

“बाप्पा! हालून राहिले.”

हलतात ते थोडे पाण्यामुळेही, हे मी सांगणार होते. सांगितलं नाही.

“किती हायेत हे?”

“मोजता येत नाहीत.”

“एका गाठीत?”

“एका गाठीत.”

ते उठेनात. प्रयोगशाळेतले आम्ही सगळे जेवायला जायचे थांबलो. शेवटी ते बाजूला झाले, डोळे पुसले आणि मला नमस्कार केला. मला नाही, बहुतेक यंत्राला. दारात मात्र वळून म्हणाले, “इथं त पायलं मॅडम. पन मले वावरात पायजे.”

बरोबरच होतं ते. मोहाकडचा पट्टा म्हणजे वावराचा एक कोपरा. बाकीचं अजून ठेकेदाराच्याच वाट्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

“हिरव्या पट्ट्यातली माती पिवळ्या ओळींना घालायची आहे, सर.”

“मातीला माती घालणार?”

“हो. पाण्यात कालवून मुळांशी.”

“आणि सोमवार?”

“सोमवारी पिवळंच असेल.”

“मॅडम, तुम्ही मला मारणार आहात.” मग जरा वेळाने, “चालेल हे? गॅरंटी?”

“गॅरंटी नाही. वय झालंय रोपांचं. पण पाऊस आहे, ओल आहे, आणि तूर लांब पल्ल्याचं पीक आहे. युरिया टाकला तर मात्र नक्की चालणार नाही.”

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. “बोर्ड काढू नका,” ते म्हणाले. त्यांच्या भाषेत ती परवानगी होती.

करडीला जाऊन आम्ही मोहाकडच्या ओळींमधली माती काढली, त्यात तिथलीच काही मुळं गाठींसकट कुस्करली. गुळाचं पाणी उकळून ठेवलं होतं. शांताबाई आधी पुढे यायला तयार नव्हत्या. कौशल्याबाईंनी त्यांना हाताला धरून आणलं. “तुमीच करा काकू,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कोनाच्या हातानं नको.”

शांताबाईंनी बाही वर केली आणि कोपर पाण्यात बुडवलं. बाळाच्या आंघोळीचं पाणी पाहतात तसं. “अजून नाई,” म्हणाल्या. सगळे थांबलो. परत कोपर. “अजून नाई.” त्यांनी आम्हाला एवढं ताटकळत ठेवलं की ड्रायव्हर झोपून उठला. मग एकदा त्यांनी कोपर बुडवलं, बराच वेळ तसंच ठेवलं आणि म्हणाल्या, “आता मले काईच लागत नाई. ना गरम ना गार.” तेव्हा कुठे माती पाण्यात पडली. बाया ओळींतून वाकून रोपारोपाच्या बुडाशी ते गढूळ पाणी ओतत गेल्या. आभाळ भरून आलेलं, उन्हाची तिरीप नव्हती. दीपक ट्रॅक्टर उभा करून रस्त्यावरून पाहत होता. शेवटपर्यंत तो तिथून हलला नाही.

सोमवारची व्हिजिट पिवळीच पार पडली. वरून आलेल्या साहेबांनी विचारलं, “हे काय?” आमच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जे झालं ते सांगितलं, चुलीसकट. वरून आलेले साहेब हसले नाहीत. त्यांनी मोहाकडचं मूळ मागून घेतलं, स्वतः गाठ फोडली, बोटाला लागलेला लाल रंग पाहिला आणि रुमालाने पुसायचं विसरून तसेच गाडीत बसले. “पीक निघताना कळवा,” एवढंच म्हणाले. परतीच्या वाटेवर आमचे साहेब म्हणाले, “फोटो कुठला लावायचा?” मी म्हटलं, मुळाचा लावा.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, कारण त्यांत काहीच घडलं नाही. मी दोनदा जाऊन आले. पिवळं ते पिवळं. दुसऱ्यांदा तर कौशल्याबाईंनी मला चहा दिला आणि विषयच काढला नाही. माणसाने आशा सोडली की तो पाहुणचार जास्त करतो. मी जीपमध्ये बसून साहेबांचा युरियाच खरा होता का, असा विचार करत आले.

मग एका सकाळी फोन.

“मॅडम, शेंडा पायता का येऊन?”

“काय झालं शेंड्याला?”

“तुमी याच.”

मी गेले. खालची पानं पिवळीच होती, ती गेलेलीच होती. पण प्रत्येक रोपाच्या टोकाला नवीन फुटलेली पानं हिरवी होती. एका रोपाची नाही, ओळीच्या ओळी. मी एक रोप उकरलं. गाठी होत्या. थोड्या होत्या, मोहाकडच्यासारखे घोस नव्हते. मी स्वतः गाठ फोडली नाही. कौशल्याबाईंकडे दिली. त्यांनी नखाने फोडली आणि माझ्यासमोर धरली. लाल होती. आम्ही दोघी त्या वावरात उभ्या राहून रडलो, आणि त्याचं काही वाटलं नाही.

मका निघाल्यावर तुरीला मोकळी हवा मिळाली. थंडीत फूल धरलं. मोहाकडची तूर वरचढ राहिली ती राहिलीच, पण बाकीचं वावरही पिकलं. तूर कापल्यावर लहानूजी कुदळ घेऊन वावरात आले. मीही होते, पीक निघताना कळवा म्हणणारे साहेबही आले होते. लहानूजींनी मोहाकडे नाही, अगदी वरच्या अंगाला, जिथे जेसीबीने सगळ्यात जास्त खरवडलं होतं तिथे कुदळ मारली. गळलेल्या पानांचा थर होता. त्याखाली शेणखत आणि गाळ मिसळून मुरुमाचा वरचा थर मऊ झालेला. फार नाही, बोटभर. त्यांनी मूठभर माती उचलली, वास घेतला, आणि मुठीतच ठेवली.

“एवढीच झाली,” मी खरं ते सांगितलं. “पूर्वीची यायला वर्षं लागतील. दर वर्षी असंच करावं लागेल.”

“लागू द्या,” ते म्हणाले. मग दीपककडे वळले. “त्याले सांगून देजो. मुरूम दुसरीकडं पाह्य म्हना.”

दीपकने मान डोलावली. कौशल्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि तुरीचा भारा उचलायला वाकल्या.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी मी त्या गावात दुसऱ्या कामाला गेले होते. कौशल्याबाईंच्या अंगणात बियाण्याला माती लावायचं काम चाललं होतं. माती या वेळी धुऱ्याची नव्हती. वरच्या वावरातली होती, लालसर. तेवढ्यात दीपक आला. खालच्या बांधीचा धुरा रुंद करून त्याने नवी पाळ टाकली होती. तिच्यावर त्याला तूर लावायची होती. तो जरा घुटमळला.

“वयनी,” म्हणाला, “वरच्या वावरातली टोपलंभर माती देजो.”

तीच माती हा माणूस गेल्या साली ट्रॉल्या भरभरून विकायला निघाला होता. अंगणात एकही बाई हसली नाही, हे मला फार आवडलं. कौशल्याबाई उठल्या, टोपलं घेतलं आणि स्वतः वावरात गेल्या.

प्रशिक्षणात मी आता ‘हे जिवंत आहेत, जपा’ एवढंच सांगून थांबत नाही. कसं जपायचं तेही सांगते. आमच्याकडे त्यासाठी एक यंत्रही आहे, थर्मामीटर. पण करडीकडच्या गावांना जायचं असलं की ते मी टेबलावर ठेवून जाते आणि शांताबाईंना जीपमध्ये घेते. त्या सगळ्यांसमोर बाही वर करतात, कोपर गुळाच्या पाण्यात बुडवतात आणि म्हणतात, “अजून नाई.” मग सगळं गाव थांबतं.